हर्शलची बंदूक आणि पाचशे नव्वदची गोळी

जबाब

नाव : आयोना मे टॅकेट
वय : सहासष्ट वर्षे
धंदा : रजया शिवणे व कपडे दुरुस्ती, पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात
राहणार : स्टिलवेल क्रीक रस्ता, पुलाच्या अलीकडचे पांढरे घर, हॅरो काउंटी, केंटकी

मी वर लिहिलेली बाई असून, आज गुरुवारी दुपारी शेरीफ कार्यालयात आपण होऊन आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही आणि कोणी शिकवून पाठवलेले नाही. डेप्युटी केंद्रा कॉम्ब्स यांच्यासमोर बसून सांगते ते असे.

माझा मुलगा रँडल टॅकेट, राहणार लेक्सिंग्टन, याने आज सकाळी या कार्यालयात फिर्याद दिली आहे की, माझ्या घरातील भिंतीवरची बंदूक डेल्मर स्टिडम यांनी चोरून नेली. ही फिर्याद चुकीची आहे. बंदूक मी माझ्या हाताने डेल्मरला दिली. डेल्मर आत्ता आतल्या खोलीत बसून आहे व काही बोलत नाही, असे मला समजले. तो बोलणार नाही. म्हणून मी बोलते.

सदर बंदूक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, चकमकीची, वीस बोअरची असून माझे पती हर्शल टॅकेट यांनी स्वतः जोडलेली आहे. हर्शल दोन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून बंदूक भिंतीतल्या शेगडीच्या वर, दोन खुंट्यांवर होती. मार्चमध्ये धूळ झटकताना मी ती खाली काढली, तर नळीच्या तोंडाशी गंज आला होता. हर्शलने कधी गंज येऊ दिला नसता, म्हणून मला वाईट वाटले. मी ती आमच्या ठासणीवाल्यांच्या क्लबात डेल्मरकडे नेली. डेल्मर काउंटीच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचे यंत्र, चालवायचा, आता निवृत्त आहे. क्लबात नेमबाजीच्या वेळी मैदानाची शिस्त तोच बघतो. त्याची बायको वारल्याला बरीच वर्षे झाली.

डेल्मरने नळी साफ केली, आत दिवा धरून पाहिले आणि म्हणाला, "नळी ठणठणीत आहे, मिस आयोना. भिंतीवर टांगून ठेवली तर मात्र मरेल बिचारी. तुम्हाला उडवायची आहे का?"

येथे मी नमूद करू इच्छिते की, मी लग्न झाल्यापासून क्लबाच्या मैदानावर जात आले. गोळीला गुंडाळायच्या कापडाच्या चकत्या कापून दिल्या, सँडविच केले, कॉफी ओतली. तुला उडवायची आहे का, असे मला कोणीही कधी विचारले नव्हते. मी डेल्मरला हो म्हटले. इतक्या पटकन म्हटले की माझे मलाच नवल वाटले.

बंदूक उडवायची तर आधी तिची गोळी ठरवावी लागते. हे काम एका दिवसात का झाले नाही, असे डेप्युटी कॉम्ब्स यांनी विचारल्यावरून सांगते की, ही नळी आतून गुळगुळीत आहे, तिला आटे नाहीत. आट्यांच्या बंदुकीत गोळी गरगरत सरळ जाते. हिच्यात ती आपल्या मनाने जाते. म्हणून गोळी, तिच्या भोवतीचे कापड आणि नळी या तिघांचे जमावे लागते. डेल्मरच्या शब्दांत सांगायचे तर, "जमलं नाही तर नेम धरायचा खोकडावर आणि मरायची वँडाची कोंबडी." वँडा माझी शेजारीण आहे. तिचे नाव पुढे येईल.

हर्शलच्या गोळ्या कॉफीच्या डब्यात होत्या, पण त्याच्या साऱ्या बंदुकांच्या एकत्र. डेल्मरने माझ्या व्हरांड्यात बसून त्या मापून वेगळ्या केल्या. मापे इंचाचे हजार भाग धरून सांगतात. मी विचारले, "हर्शल कुठली घालायचा?"

"सहाशेची. चादरीच्या पातळ कापडात, अगदी गच्च. तोंडाशी लाकडी हातोडीनं ठोकून बसवायचा. दोन-तीन बार झाले की नळीत काजळी धरते, मग आणखी जोरात ठोकायचा."

मला ते ठाऊक होते. ती ठकठक मी सारा संसार ऐकली आहे. माझे उजवे मनगट शाळेच्या स्वयंपाकघरात मोडले होते, ते अजून नीट वळत नाही. मी म्हटले, "मला हातोडी नको."

डेल्मर म्हणाला, "मग हर्शलची गोळी सोडा. तुमची शोधू."

त्यानंतर त्याने पाचशे पंच्याहत्तरची घेतली. ती उशीच्या खोळीच्या पट्ट्यांच्या जाड कापडातही नळीत घसरगुंडी खेळल्यासारखी उतरली. मला फार आवडली. डेल्मरने दारू न घालताच बंदुकीचे तोंड खाली केले, तर गोळी गवतात टपकन पडली. तो म्हणाला, "बघितलंत? चालता चालता ही दारूपासून पुढे सरकली आणि तुम्ही तसाच चाप ओढलात, तर मधल्या पोकळीनं नळी फुटते. बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ही तुमच्यासाठी नाही." एरवी तो सतत थट्टा करतो. हे बोलताना त्याने थट्टा केली नाही. ती गोळी त्याने स्वतःच्या खिशात टाकली, डब्यात परत ठेवली नाही.

पुढच्या खेपेला तो गांधीलमाश्यांचे रिकामे पोळे घेऊन आला. जुन्या लोकांची रीत अशी की, कापड न गुंडाळता नुसती गोळी टाकायची आणि खाली-वर पोळ्याच्या कागदाचा बोळा दाबायचा; तो पेटत नाही. पोळे रिकामे आहे याची त्याने शपथ घेतली. मी ते लांब काठीने तपासले, तेव्हा तो फार हसला. त्या रीतीने एक गोळी नेमासाठी लावलेल्या कागदी ताटलीला लागली, एक ताटलीच्या खांबाला, आणि एक कुठे गेली ते देवाला माहीत. वँडाच्या सर्व कोंबड्या जिवंत आहेत.

मग पाचशे नव्वदची घेतली, त्याच पट्ट्यांच्या कापडात, मेण आणि चरबी लावून. तोंडाशी अंगठ्याने दाबली की बसते. मग ठासायच्या गजाने एकदाच, न थांबता, खाली. काजळी धरल्यावरही तशीच जाते. झाडलेल्या चकत्या आम्ही गवतात शोधल्या, कारण चकती फाटली, जळली की गोळीचे जमले नाही असे समजावे. डेल्मर म्हणाला, ही जळली आहे. मी म्हटले, "जळली नाही, दुमडीवर कापली गेली आहे. मी तिरकी कापली होती." त्याने चकती उन्हात धरून पाहिली आणि म्हणाला, "कापडाचं तुम्ही बघा, शिशाचं मी बघतो." मी चकत्या सरळ कापल्या आणि सगळ्या गोळ्या ताटलीत गेल्या. मी इतकी मोठ्याने ओरडले की वँडा बाहेर आली.

हे कधी झाले, असे विचारल्यावरून सांगते की, मेच्या सुरुवातीला.

आता जून अर्धा झाला आहे, मग डेल्मर स्टिडम यांचा ट्रक आपल्या दारात अजूनही का दिसतो, असे विचारल्यावरून सांगते की, खात्री करायची होती. जीन्सचे कापड पाहिले. तागाचे पाहिले. मेण जास्त आणि चरबी कमी, मग चरबी जास्त आणि मेण कमी. ऑलिव्हचे तेलही पाहिले. पाऊस असेल तेव्हा बंदूक उडवता येत नाही, तेव्हा बीन्स आणि मक्याचा पाव खाल्ला. सफरचंदाच्या थरांचा केक केला, तो दोन दिवस मुरल्याशिवाय चांगला लागत नाही, म्हणून दोन दिवसांनी परत यावेच लागते. डेप्युटी कॉम्ब्स यांनी यावर काही विचारले नाही, पण त्या खाली बघून लिहीत राहिल्या. मी त्यांना शाळेत रोज जेवण वाढले आहे. खाली बघून हसताना मला त्या ओळखू येतात.

रँडलबद्दल सांगते. तो वाईट मुलगा नाही. बाप गेल्यापासून तो लेक्सिंग्टनहून गवत कापायला येतो, न सांगता येतो, छपराच्या पन्हळी साफ करतो आणि शेगडीपाशी उभा राहतो. बंदूक जिथे होती तिथेच असावी, खुर्ची जिथे होती तिथेच असावी, असे त्याला वाटते. मे महिन्यात त्याने मला फोनवर म्हटले, "आई, स्टिडमचा ट्रक सारखा असतो म्हणे. वँडा सांगत होती. बाबांच्या बंदुकीवर डोळा आहे त्याचा."

मी म्हटले, "बंदुकीवर डोळा असता तर मक्याच्या पावासाठी इतका वेळ बसला नसता."

"लोक काय म्हणतील?"

"वँडा म्हणतेय ते. दुसरं काय म्हणणार?"

त्यावर त्याने फोन ठेवला. मीही जास्त काही सांगितले नाही. मला वाटले, शनिवारी क्लबात बायकांची स्पर्धा आहे, तिथे त्याला बोलवावे, मला बंदूक उडवताना तो पाहील, मग आपोआप समजेल. हर्शल गेला याचे दुःख मलाही आहे. पहिले वर्ष मी शेगडीकडे पाठ करून बसत असे. पण मी त्या भिंतीतली खुंटी नाही. मला उरलेले आयुष्य काहीतरी टांगून धरत काढायचे नाही.

काल बुधवारी दुपारची हकीकत अशी. शनिवारच्या आधीचा शेवटचा सराव होता. मला पाठोपाठ बार करायचा सराव व्हावा म्हणून डेल्मर भरून देत होता. त्याने दारूच्या शिंगातून एका बारापुरती दारू मापात ओतली. त्या वेळी मी त्याला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न डेप्युटी कॉम्ब्स यांच्या मते जबाबात येणे जरुरीचे आहे, म्हणून सांगते. मी विचारले, "डेल्मर, गोळी तर ठरली. शनिवारी स्पर्धा झाली की मग तू यायचा बंद होणार का?"

 डेल्मरने भरलेले माप हळूच व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवले, कापड घेतले, गोळी घेतली, अंगठ्याने दाबली आणि गज खाली नेला. एकसारखा, न थांबता, अगदी शिकवतो तसा.

गजावर एक रेघ असते. दारू आणि गोळी नीट बसली की रेघ नळीच्या तोंडाशी येते. मी म्हटले, "डेल्मर, रेघ कुठे आहे?"

तो म्हणाला, "आत गेली."

मग आम्ही दोघांनी कठड्याकडे पाहिले. माप काठोकाठ भरलेले होते.

हा प्रकार काय असतो ते क्लबातल्या पोरासोरांना माहीत आहे. दारू न घालता गोळी ठासली, म्हणजे बार उडत नाही आणि गच्च बसलेली गोळी सहज निघत नाही. असे ज्याच्या हातून होईल त्याच्या गळ्यात दिवसभर गाईची घंटा बांधायची, अशी आमच्या क्लबाची रीत आहे. घंटा बांधतो डेल्मर. त्याने पाद्रीबाबांच्या गळ्यात बांधली आहे, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या बांधली आहे, हर्शलच्या तर दोनदा. त्याच्या स्वतःच्या हातून असे आजवर कधी झालेले नव्हते. तो पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले. मी हसू लागले. मला हसू आवरेना. हर्शल गेल्यापासून मी तशी हसले नव्हते, आणि हसता हसता मला रडूही आले, तेही लिहावे.

मग डेल्मरने माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले. पायरीवर बसूनच दिले. त्याचे शब्द मी येथे लिहून देणार नाही, ते माझ्याजवळ राहतील. एवढेच सांगते की, उत्तराच्या शेवटी त्याचाही एक प्रश्न होता.

तुम्ही काय सांगितले, असे विचारल्यावरून सांगते की, मी म्हटले, "आधी ती गोळी बाहेर काढ. मग सांगते." गोळी काढायला गजाच्या टोकाला स्क्रू लावून तो शिशात रुतवावा लागतो आणि बंदूक शिकंज्यात घट्ट धरावी लागते. शिकंजा त्याच्या शेडमध्ये आहे. म्हणून बंदूक तो घेऊन गेला. ट्रकमध्ये ओरखडे पडू नयेत म्हणून मी ती रजईत गुंडाळून दिली. जप्त मालात जी रजई आहे ती हीच. तिच्यावर नक्षी कोणती, असे विचारल्यावरून सांगते की, लग्नाच्या जोड-अंगठ्यांची. हाताला तीच लागली.

आज सकाळी मी चर्चच्या स्वयंपाकघरात होते. फोन पर्समध्ये आणि पर्स कोटाखाली होती. त्या वेळात रँडल गवत कापायला आला. त्याला खुंट्या रिकाम्या दिसल्या. मी घरात नाही, फोन उचलत नाही. वँडाने त्याला सांगितले की, काल डेल्मरने रजईत गुंडाळलेले काहीतरी लांबट ट्रकमध्ये घातले आणि घालताना इकडेतिकडे बघत होता. तो बघत होताच. घंटेच्या भीतीने बघत होता, कोणी पाहिले तर नाही ना म्हणून. रँडल घाबरला असावा. त्याच्या जागी मीही घाबरले असते.

डेप्युटी शेडमध्ये गेले तेव्हा बंदूक शिकंज्यात होती. डेल्मर एवढेच म्हणाला, "मी नेली. परत देणार होतो. बाकी काही सांगायचं नाही." डेप्युटी कॉम्ब्स यांचे मामा आमच्या क्लबात आहेत. त्यामुळे कॉम्ब्स यांना वाटले की, घंटेची लाज वाटते म्हणून तो गप्प आहे. घंटेसाठी कोणी तुरुंगात जात नाही. दारू का विसरली, हे सांगायचे तर मी काय विचारले आणि तो काय म्हणाला, हे सांगावे लागले असते. मी अजून उत्तर दिलेले नाही, आणि माझे नाव या कार्यालयात चघळले जाऊ नये, म्हणून तो गप्प आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. रागही येतो. एवढ्या गप्प बसण्याने बंदूक चोरीचा गुन्हा अंगाला चिकटला तर त्याला पुन्हा कुठल्याही बंदुकीला हात लावता येणार नाही, क्लबात पाऊल ठेवता येणार नाही. त्या माणसाकडे तो क्लब आणि एक म्हातारा कुत्रा सोडून काही नाही. नव्हते, असे लिहावे.

माझे म्हणणे असे की, बंदूक हर्शलच्या मागे माझी आहे आणि ती मी माझ्या मर्जीने दिली. चोरी झालेली नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, मुलाविरुद्ध तर नाहीच. तसेच त्या बंदुकीत अजून गोळी अडकलेली आहे. आपल्या कार्यालयातल्या एका तरुण डेप्युटीने ती कोटाच्या हँगरने उकरून पाहिली, असे मला आत्ताच समजले. तसे कोणी करू नये. नळीला आतून ओरखडा पडला तर मला मार्चपासून सारे पुन्हा करावे लागेल. तसे मला ते चालेल, पण शनिवार तोंडावर आहे.

येथवर लिहून झाल्यावर डेप्युटी कॉम्ब्स यांनी नियमाप्रमाणे मला सर्व जबाब मोठ्याने वाचून दाखवला. खोलीचे दार नीट लागत नाही. वाचन संपले तेव्हा रँडल दारात उभा होता. तो बाहेर बाकावर बसलेला होता, हे मला माहीत होते. पुढचे माझ्या विनंतीवरून लिहिले आहे.

रँडल म्हणाला, "आई, मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटले, "तू विचारलं नाहीस, बाळा. वँडाला विचारलंस."

तो खाली बघू लागला. हर्शलही असाच खाली बघायचा. मग म्हणाला, "बाबा सहाशेची घालायचे."

"हो."

"ही तुझी... हातोडीशिवाय बसते?"

"अंगठ्यानं बसते. बघ." मी त्याला माझा अंगठा दाखवला. त्याला शिशाचा डाग अजून आहे.

त्याने अंगठा हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याचे डोळे भरले होते, माझेही. मग तो डेप्युटी कॉम्ब्स यांना म्हणाला, "फिर्याद मागे घ्यायचा कागद कुठे मिळेल? आणि आतला तो माणूस जेवला आहे की नाही, कोणी बघितलं का?" डेल्मरने सकाळपासून फक्त कॉफी घेतली आहे, असे समजले. रँडल समोरच्या दुकानातून काहीतरी आणायला गेला. जाताना तो दारातून वळला आणि मला म्हणाला, "शनिवारी किती वाजता?"

डेल्मरच्या प्रश्नाचे उत्तर या जबाबात लिहावे काय, असे डेप्युटी कॉम्ब्स यांनी विचारले. त्यावर सांगते की, लिहू नये. ते आधी त्याला मिळाले पाहिजे, सरकारला नंतर. सही झाली की मला आतल्या खोलीत सोडावे, दार लावून घ्यावे आणि थोडा वेळ कोणी येऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

हा जबाब मी बोलले तसा लिहिला गेला, मला आणि बाहेरच्या बाकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचला गेला, आणि त्यात काही खोटे नाही. नाव, वय, पत्ता यांत दुरुस्ती आहे का, असे शेवटी विचारल्यावरून सांगते की, वय बरोबर, पत्ता बरोबर. नाव आजपुरते बरोबर आहे.

सही : आयोना मे टॅकेट
समक्ष : केंद्रा कॉम्ब्स, डेप्युटी, हॅरो काउंटी शेरीफ कार्यालय